ओल्या कचऱ्याचा अट्टहास: तुम्ही विचारलंत म्हणून

पालिकेची गाडी येते, आपण मिळकतकर भरतो, मग ओला कचरा सोसायटीच्या आवारातच जिरवण्याचा अट्टहास कशासाठी, हे मला लिफ्टपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारले जाते. करात सवलत मिळते, असे मी पूर्वी सांगत असे, कारण तेवढ्यावर माणसे गप्प बसत. ते खोटे नव्हते, अपुरे होते. खरे कारण पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे तिथे पडला. ओले-सुके एकत्र दडपले की आत हवा पोहोचत नाही, मिथेन साचतो, ढीग पेटतो आणि काळे पाणी जमिनीत झिरपते. 2017 मध्ये आगीनंतर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे आपल्या नाकाला ती दुर्गंधी कळली.

मात्र तुम्हाला ऐकायचे असते ते आमच्या सोसायटीच्या त्या सभेबद्दल. ऐन पावसाळ्यात खताच्या हौदात पाणी शिरले आणि एका सकाळी बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी अळ्या पार्किंगमधून जिन्यापर्यंत पोहोचल्या. एका सभासदाने त्या डब्यात भरून सभेच्या टेबलावर ठेवल्या आणि विचारले, "तुमच्या हौसेपायी आमच्या पोरांनी आजारी पडायचं का?" त्या चावत नाहीत, कचराच खातात, कोषात जाण्याआधी कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, हे मी सांगत राहिलो. खत वरखाली करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणीच काही विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "साहेब, त्यात सुया निघतात, डायपर निघतात. अळ्यांचं काय घेऊन बसलात?" त्यावर कोणी बोलले नाही, आणि हौद बंद करण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला.

हौद पुन्हा सुरू झाले ते कोणाला पटले म्हणून नव्हे. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, या 2016 च्या नियमावर बोट ठेवणारी नोटीस आली म्हणून. मावशींना आता जाड हातमोजे आहेत, या कामाचे वेगळे पैसेही आहेत. सुया अजूनही निघतात.

एका सोसायटीने शहर सुधारेल, असे मला तेव्हा वाटे. आज वाटत नाही. पण आपले उष्टे दुसऱ्याच्या गावात नेऊन टाकण्याचा हक्क कराच्या पावतीने मिळतो, हेही पटत नाही. माझे तत्त्व मावशींच्या हातांनी पाळले जाते, असे कोणी म्हटले तर मला ते खोडून काढता येत नाही. फक्त हे म्हणणाऱ्यांनी आपल्या हिरव्या बादलीत काय काय जाते, तेही एकदा वाकून पाहावे.