तुम्हाला प्रगती नको का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंना उतरायला जे साधुग्राम उभारतात, त्यासाठी नाशकातल्या तपोवनातली झाडं तोडू नका, या निवेदनावर मी सही केली, तेव्हापासून हा प्रश्न जिन्यात, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो.

हवी, हवीच. माझ्या आजीची तीन लेकरं पाळण्यातच गेली आणि त्या काळी कुणाला त्याचं नवलही वाटलं नाही. 1971 साली देशात हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत. 2020 मध्ये 28. जुने दिवस चांगले होते म्हणणाऱ्यांनी त्या काळची बाळंतपणं आठवावीत.

पण आपल्या नाशकात प्रगती म्हटलं की डोळ्यांपुढे सिमेंटच येतं. रामकुंडाचं बघा. 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं. वरून सगळं कसं चकाचक! खालचे जिवंत झरे मात्र बुजले. 2016 च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं आणि गुढीपाडव्याला टँकरने पाणी आणून ओतावं लागलं. दुष्काळ होता, धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं, हेही खरं. पण झरे असते तर निदान पाय तरी भिजले असते. पुढे तेच काँक्रीट फोडायचं काम निघालं. ओतताना प्रगती, फोडतानाही प्रगती. बिलं दोन्ही वेळा निघणारच.

तिथून चालत गेलं की काळाराम मंदिर. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. मागणी एवढीच, की आम्हालाही आत येऊ द्या. एक वीट हलवायची नव्हती, निविदा काढायची नव्हती. तरी त्या रामनवमीला रामाचा रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली, आणि सत्याग्रह वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. 1935 मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ज्या प्रगतीला दमडी लागत नव्हती, तिलाच या गावाने सगळ्यात जास्त अडवलं. मला ‘प्रगती नको का’ विचारणाऱ्यांपुढे मी हेच ठेवते.

साधूंनी तपोवनात उतरू नये असं मी कधीच म्हटलं नाही. झाडं ठेवूनही मांडव पडतात. आणि 2027 च्या सिंहस्थाचा पैसा खर्चायचाच असेल, तर नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून गोदावरीत येणारं गटाराचं पाणी आधी थांबवा. ते काम जमिनीखालचं आहे, फीत कापायला सोयीचं नाही, एवढीच काय ती त्याची अडचण.