पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही: जुना एच६१ बोर्ड तपासताना

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात जुना कॉम्प्युटर घ्यायला गेलात की दहातल्या बऱ्याच डब्यांत अजूनही इंटेलच्या एच६१ नाहीतर एच८१ चिपसेटचा मदरबोर्डच निघतो. बिलिंग, टायपिंग, झेरॉक्सचं दुकान, सोसायटीचा हिशेब एवढ्याला तो आजही पुरतो. अडचण अशी की हे बोर्ड २०११ ते २०१४ च्या सुमाराचे आहेत आणि विकणारा "चालू होता, आत्ताच काढलाय" एवढंच सांगतो. घरी आणून वायर लावली की पंखा फिरतो, लाइट लागते आणि स्क्रीन काळीच.

अशा वेळी बहुतेक जण हाताशी असलेला चांगला सीपीयू आणि चांगली रॅम त्या बोर्डात घालून बघतात. हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. बोर्डाच्या पॉवर भागातला वरचा मॉस्फेट, म्हणजे १२ व्होल्टकडचा वीज चालू-बंद करणारा स्विच, शॉर्ट असेल तर १२ व्होल्ट थेट सीपीयूच्या लाइनवर येऊ शकतात आणि सीपीयूला लागतो एक व्होल्टच्या आसपास. शंभर-दीडशे रुपयांच्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीसाठी आय५ पणाला लावू नये.

म्हणून आधी बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. कॅबिनेटमध्ये जास्तीचा पितळी स्टँड राहून बोर्डाच्या पाठीला टेकलाय, ही भानगडही बाहेर काढल्यावरच मिटते.

आता नुसतं बघायचं, पण नीट बघायचं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सीपीयू सॉकेटवर मारा. एच६१ च्या एलजीए ११५५ सॉकेटमध्ये ११५५ पिना असतात आणि सगळ्या एका दिशेला कललेल्या असल्यामुळे प्रकाश एकसारखा चमकतो. जिथे ती चमक तुटते तिथे पिन वाकलेली आहे. मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढून तिचं ०.५ मिमीचं रिकामं तोंड पिनेवर चढवायचं आणि अगदी हळू वळवायचं; सुई चालते, पण घसरली की शेजारच्या दोन जातात. एक स्लॉट रॅम घेतो आणि दुसरा घेत नाही, या तक्रारीत स्लॉटपेक्षा सॉकेटातली पिन दोषी निघण्याची शक्यता जास्त.

मग कपॅसिटर. डोक्यावर फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी चिकटा असलेला दिसला तर तो बदलायचाच. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि लो ईएसआरच (आतला रोध कमी असलेलाच) हवा. पंख्याच्या दुकानातला कपॅसिटर इथे चालत नाही, साधा रेडिओचा टाकला तर आठ दिवसांत परत येतो. वर सपाट, भोवती प्लास्टिकचं वेष्टण नाही असा सॉलिड कपॅसिटर सहसा फुगत नाही, त्याला डोळ्यांनी पास करून भागत नाही.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. त्या परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही.

पहिली, महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरलं. त्या पाण्यात दुकानं, ऑफिसं, क्लासेसचे कॉम्प्युटर बुडाले. त्यातले काही बोर्ड धुऊन, वाळवून बाजारात आले आणि अजून फिरतायत. वरून चकाचक दिसतात. खूण हवी असेल तर लॅनच्या पोर्टात आणि पीसीआयई स्लॉटच्या फटीत बघा: कृष्णेचा बारीक पिवळट गाळ तिथे घट्ट बसलेला असतो, ब्रशने जात नाही. सेलच्या होल्डरखाली हिरवट-पांढरी पूड असते, यूएसबी पोर्टच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके. असा बोर्ड आज चालला तरी व्हायांच्या (बोर्डाचे थर जोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या) आतला गंज थांबलेला नसतो. घेऊच नका. घेतलाच असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने धुवा, सेल काढून. पाणी लावायचं नाही.

दुसरी, बेदाणा. तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात आणि शेडमधल्या ऑफिसातला कॉम्प्युटर तोच धूर वर्षानुवर्षं घेतो. तांब्याचे उघडे भाग काळे पडतात हे दिसतं तरी. न दिसणारं असं की बारीक चिप रेझिस्टरच्या टोकांत चांदी असते, गंधक ती खातो आणि रेझिस्टर ओपन होतो, म्हणजे आतून तुटतो. बोर्ड स्वच्छ, शॉर्ट कुठेच नाही, तरी मेला, असं कोडं असेल तर ऑन होण्याच्या सर्किटातले रेझिस्टर भिंगाखाली बघा आणि एकेक मोजा. शेडमधून आलेला बोर्ड आहे का, एवढं विकणाऱ्याला विचारलं तरी तास वाचतो.

आता मीटर. सीपीयू, रॅम, सगळं काढलेलं, एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर काढलेली. मीटर बीपवर ठेवा आणि चार पिनी सीपीयू कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिनेवर एक टोक, ग्राउंडवर दुसरं. कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर बीप वाजला आणि आकडा चढत गेला तर ठीक. सलग वाजत राहिला तर १२ व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे. पुढचं माप जास्त महत्त्वाचं: एक टोक त्याच १२ व्होल्टच्या पिनेवर, दुसरं सीपीयूशेजारच्या कॉइलच्या पायावर. इथे ओहम शून्याजवळ आले तर वरचा मॉस्फेट गेलाय. या बोर्डात सीपीयू ठेवायचाच नाही. बटण दाबलं की पंखा एक झटका देऊन थांबतो, हे त्याचंच लक्षण, कारण खालचा, ग्राउंडकडचा मॉस्फेट चालू झाला की १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला जातात आणि एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो.

एक घोटाळा इथे नेहमी होतो. सीपीयू बसवलेला असताना कॉइल आणि ग्राउंडमध्ये मोजलं तर मीटर बीप देतो आणि लोक बोर्ड शॉर्ट ठरवतात. सीपीयूचा स्वतःचाच रोध काही ओहमचा असतो. तो शॉर्ट नव्हे. मोजायचं ते सीपीयू काढूनच.

शॉर्ट नसेल तर एसएमपीएस लावा, पण बटण दाबू नका. २४ पिनी कनेक्टरच्या जांभळ्या वायरवर मागच्या बाजूने मीटरचं टोक सरकवा: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, हा स्टँडबाय सप्लाय. मग हिरवी वायर. बटणाआधी तिच्यावर तीन ते पाच व्होल्ट असतात. फ्रंट पॅनेलच्या दहा जागांच्या हेडरवर बहुतेक बोर्डांत ६ आणि ८ या पिना पॉवर बटणाच्या असतात, त्या स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडायच्या. हिरवी शून्यावर आली म्हणजे बोर्डाने सप्लाय मागितला. मग पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७ आणि राखाडी पाचच्या आसपास. सगळ्या वायरींवर व्होल्टेज आहे आणि राखाडी शून्य, तर एसएमपीएस बोर्डाला "सप्लाय ठीक आहे" असं सांगतच नाहीये आणि बोर्ड रीसेटमध्ये अडकून पडतो. पंखा फिरतो, बाकी काही नाही. हिरवी-काळी जोडून, पेपरक्लिप लावून एसएमपीएस "पास" करणारे खूप आहेत. लोड नसताना तो पास होतोच, बोर्डाचा लोड आला की बारा व्होल्ट साडेदहावर येतात. मीटर बोर्ड चालू असतानाच लावा.

हिरवी शून्यावर येतच नाही, तर आधी साधं बघायचं. सीएमओएस क्लिअरचा (बोर्डाची सेटिंग पुसायचा) जम्पर विकणाऱ्याने २-३ वर विसरलेला असतो. बरेच बोर्ड त्या स्थितीत चालूच होत नाहीत. तो १-२ वर हवा. मग सेल. सीआर२०३२ चा नवा सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला टाकून द्या. सेल संपल्यावर बहुतेक बोर्ड फक्त तारीख-वेळ विसरतात, काही मात्र रिस्टार्टच्या फेऱ्या मारत बसतात. तीन पायांचा जो छोटा डायोड सेलजवळ असतो, त्याच्या पलीकडे व्होल्टेज पोचतंय का तेही मोजा. चिपसेटशेजारचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल या भागातच असतो. पुराच्या बोर्डांत गंज हीच जागा पकडतो, कारण सेलमुळे तिथे वीज कायम असते आणि ओलावा असताना वीज असली की गंज झपाट्याने वाढतो.

हे सगळं पार पडलं की मग सीपीयू, कूलर, एक रॅम. एवढंच. हार्ड डिस्क नको, कीबोर्ड नको, ग्राफिक्स कार्ड नको. फ्रंट पॅनेलच्या वायरी काढून टाका, अडकलेलं रीसेट बटणही नुसता पंखा फिरवत ठेवतं. सीपीयूची चार पिनी वायर विसरलात तरी पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही, हे लिहायला संकोच वाटतो इतकं साधं आहे, पण सगळ्यात जास्त वेळा तेच असतं. छोटा स्पीकर हेडरला लावा. रॅम पूर्ण काढून चालू करा: बीप ऐकू आला तर सीपीयू आणि बायोस (बोर्ड सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) दोन्ही काम करतायत आणि अर्धा शोध संपला. बीप नाही, तर रॅम बदलत बसण्यात अर्थ नाही.

रॅमच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसाव्यात, भुगा झटकावा. स्लॉटमध्ये फुंकर मारू नये, थुंकी जाते. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात. आणि स्वस्त मिळणाऱ्या ८ जीबीच्या पट्टीवर "फक्त एएमडीसाठी" असं असेल तर ती एच६१ वर चालणार नाही. चिपची आतली रचना वेगळी असते, इंटेलचा मेमरी कंट्रोलर ती वाचत नाही. पट्टी खराब नसते, बोर्डही नसतो.

तसंच सीपीयूचं. सुरुवातीच्या बायोसचा एच६१ दुसऱ्या पिढीचे सीपीयू ओळखतो, आय५-३४७० सारखा तिसऱ्या पिढीचा घातला की काळी स्क्रीन. आय३-२१०० किंवा एखादा जुना पेंटियम घालून बायोस अपडेट करायचं, मग आय५ बसवायचा. स्वस्तात झिऑन ई३-१२३० मिळाला म्हणून घातलात, तर त्यात ग्राफिक्सच नाही. बोर्डाच्या व्हीजीएवर काही येणार नाही, कार्ड लागतंच.

व्होल्टेज सगळे बरोबर, बीप नाही, दोन-तीन सेकंदांनी बंद-चालू होत राहतं, तर शेवटी बायोसची आयसी. आठ पायांची, २५क्यू३२ म्हणजे ४ एमबी, २५क्यू६४ म्हणजे ८ एमबी. काही बोर्डांवर ती सॉकेटात असते, नखाने निघते. नाहीतर क्लिप लावायची. सीएच३४१ए प्रोग्रामरचा (आयसीत फाइल लिहायच्या यंत्राचा) काळा बोर्ड डेटाच्या लाइनवर ५ व्होल्ट देतो आणि ही आयसी ३.३ व्होल्टची आहे, तेव्हा त्यात बदल करून घ्या किंवा दुसरा प्रोग्रामर वापरा. लिहायच्या आधी आयसी दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच क्लिप नीट बसली असं समजा, आणि ती फाइल जपून ठेवा. काही बोर्डांत लॅनचा मॅक पत्ता त्यातच असतो. नवी फाइल ४ एमबीच्या आयसीला बरोबर ४१,९४,३०४ बाइटचीच हवी. कॅप प्रकारची फाइल २,०४८ बाइटने मोठी निघते, सुरुवातीचा तेवढा भाग कापूनच लिहायची.

डिस्प्ले आला म्हणून लगेच कॅबिनेटमध्ये कसू नका. बायोसच्या स्क्रीनवर तसाच ४० मिनिटं ठेवा आणि घड्याळ बघा. ३० मिनिटांनी, दर वेळी, स्वतःहून बंद होत असेल तर तो उष्णतेचा किंवा एसएमपीएसचा दोष नव्हे. त्याच आयसीत इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग असतो आणि तो खराब असला की चिपसेट अर्ध्या तासाने मशीन बंद करतो. फाइलमधला तो भाग स्वच्छ घेऊन पुन्हा लिहायचा. थर्मल पेस्ट कितीही वेळा बदलली तरी हा दोष हलत नाही.

त्यानंतर मेमटेस्टची (रॅम तपासायच्या प्रोग्रॅमची) एक पूर्ण फेरी आणि रात्रभर मेन स्विच बंद ठेवून सकाळचा पहिला स्टार्ट. दुपारी दहा वेळा चालू झालेला बोर्ड थंडीच्या सकाळी तीनदा बटण दाबायला लावत असेल तर सीपीयूजवळचे कपॅसिटर कमजोर आहेत, डोकी सपाट असली तरी. हेअर ड्रायरची कोमट हवा त्यांच्यावर दोन मिनिटं मारा. पहिल्या फटक्यात चालू झाला तर ते बदला, आणि विकणाऱ्याकडे अजून परत करायची मुदत असेल तर त्याआधी फोन करा.