चार्ल्स हंटर, पियानो ट्यूनर

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या शीट म्युझिकच्या, म्हणजे सुट्या छापील स्वरलिपींच्या, कॅटलॉग-नोंदी करणे हे माझे काम आहे. बाहेरच्यांना वाटते की आम्ही दिवसभर दुर्मीळ संगीत न्याहाळत असतो. प्रत्यक्षात बराचसा वेळ छापील नावामागे नेमका कोणता माणूस आहे, हे ठरवण्यात जातो. देणगीत आलेल्या एका बांधीव खंडात चार्ल्स हंटरची ‘कॉटन बोल्स’ ही पियानोची रॅगटाइम (ठेक्याला सोडून पडणाऱ्या आघातांची जुनी अमेरिकन शैली) रचना निघाली, आणि तिच्या नोंदीवरून त्या दिवशी झालेला वाद माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कागद वाचवण्यासाठी शीट म्युझिकचा आकार लहान झाला. त्याआधीचे पान साधारण 35 सेंटिमीटर उंच असे. घरोघरी अशा सुट्या रचना एकत्र बांधून घेत, आणि बांधणारा कडा सरळ करण्याच्या नादात छापील मजकुरालाही कात्री लावी. या प्रतीचे मुखपृष्ठ तर कोणीतरी आधीच फाडून नेलेले होते. चित्र चौकटीत घालून विकायचे आणि आतले संगीत रद्दीत टाकायचे, ही जुन्या बाजारातली रीत पाहिली की मला आजही संताप येतो. कॉपीराइटची सूचना संगीतरचनेच्या प्रतीवर दिसेल अशा जागी असावी, असा त्या वेळचा कायदा होता, आणि पुष्कळ प्रकाशक ती संगीताच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापत. तीच ओळ येथे उपयोगी पडली. तिचा खालचा भाग कातरला गेला होता, तरी 1901 हे साल आणि फ्रँक जी. फाइट हे नॅशव्हिलच्या प्रकाशकाचे नाव भिंगाखाली लागले.

पानाच्या आतल्या बाजूला पिवळी पडलेली चिकटपट्टी होती आणि तिचा डिंक डाव्या हाताच्या स्वरांवर उतरला होता. लाकडाच्या लगद्याचा तो आम्लधर्मी कागद कोपरा वाकवला तरी तुटत होता. आमच्या जतन विभागातल्या सहकारी बाईंनी किंचित गरम केलेल्या पातळ पात्याने प्लॅस्टिक मिलीमीटर-मिलीमीटरने सोडवले, राहिलेला डिंक द्रावकाने उचलला आणि चिरेवर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जपानी कागदाची पट्टी बसवली. इतका धीर असलेली माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. पट्टीखालून पेन्सिलीने लिहिलेले बोटांचे आकडे बाहेर आले. ज्या जागी डाव्या हाताला खालच्या स्वरावरून झटकन वर जायचे आहे, तेथे पाचाचा आकडा दोनदा गिरवलेला होता.

खरी अडचण नावाची निघाली. अनेक ग्रंथालये मिळून वापरतात त्या सामायिक कॅटलॉगमधल्या तयार नोंदीत ही रचना चार्ल्स हंटर याच नावाच्या दुसऱ्याच एका लेखकाच्या खात्यावर जोडलेली होती. असे करणाऱ्याने प्रकाशकाच्या नावाकडे पाहिलेच नव्हते. फाइटने हंटरच्या ‘जस्ट आस्क मी’ (1902) आणि ‘व्हाय वी स्माइल’ (1903) याही रचना छापल्या, तर नॅशव्हिलच्याच हेन्री ए. फ्रेंचने 1900 मध्ये ‘पॉसम अँड टेटर्स’ काढली. प्रकाशकांचा हा धागा धरला की टेनेसीतल्या कोलंबिया गावी 1876 साली जन्मलेल्या, जवळजवळ अंध असलेल्या चार्ल्स हंटरपाशीच पोहोचतो. नॅशव्हिलच्या अंधशाळेत तो पियानो ट्यून करायला शिकला, जेसी फ्रेंच पियानो कंपनीत नोकरीला लागला आणि पुढे त्याच कंपनीच्या सेंट लुईसच्या दुकानात गेला. तेथेच 1906 च्या जानेवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला.

हंटर गोरा होता, आणि रॅगटाइम ही कृष्णवर्णीय वादकांची निर्मिती. ‘पॉसम अँड टेटर्स’ हे शीर्षकही त्या काळच्या, कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणाऱ्या रंगभूमीच्या साच्यातले आहे. ही बाब नोंदीत स्पष्ट लिहावी असे माझे ठाम मत आहे, कारण गोड सुरावटीमुळे ती झाकली जाते. पण म्हणून त्याला अनोळखी ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कॅटलॉगमध्ये प्रत्येक रचनाकाराची जी वेगळी नावाची नोंद असते, तिच्यात व्यवसायाचा एक रकाना असतो. त्यात मी ‘संगीतकार’ आणि ‘पियानो ट्यूनर’ असे दोन्ही भरले. तपासणाऱ्या वरिष्ठांनी दुसरा शब्द अनावश्यक ठरवला. त्यांचे लक्ष दिवसाकाठी किती नोंदी पूर्ण होतात याकडे असते, आणि ग्रंथालयाचे कामकाज आकड्यांनीच मोजायचे ठरल्यावर दुसरे काय होणार! मी म्हणाले, “सर, हंटर नावाचे लोक पुष्कळ आहेत. हा कोणता, ते त्याच्या पोटापाण्याच्या कामावरून चटकन कळते. आणि ज्याची नजर स्वरलिपीच्या पानावर ठरणे अवघड, त्याच्या रचना छापील पानावर आल्या, हे वाचणाऱ्याच्या लक्षात यायला नको का?” त्यांनी शब्द राहू दिला; बोटांच्या आकड्यांबद्दलची टीप मात्र फक्त आमच्या प्रतीपुरती ठेवायला सांगितली, आणि ते नियमाला धरूनच होते.

सामायिक नोंद आता दुरुस्त झाली आहे. परंतु जुनी नोंद उतरवून घेतलेल्या ग्रंथालयांच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ती आपोआप बदलेलच असे नाही. म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी मी पत्र पाठवते आहे, सोबत पहिल्या पानाच्या तळाशी असलेल्या त्या कातरलेल्या ओळीचे छायाचित्र जोडून. काहींनी दुरुस्ती केली, काहींनी आमच्याकडे यासाठी माणूस नाही असे कळवले. त्यांना कॅटलॉगच्या दुरुस्तीसाठी भरायचा अर्ज मीच तयार करून पाठवायला सुरुवात केली आहे.