कुटुंबाचा तक्ता मोबाइलवर आणताना

आमच्या संस्थेचा घरोघरी सर्वेक्षणाचा कागदी फॉर्म मोबाइलवर आणायचं काम माझ्याकडे आलं. कागदावर कुटुंबाचा आडवा तक्ता होता, आठ ओळींचा. नववा माणूस निघाला की समासात कोंबायचा.

कोबो टूलबॉक्स हे मोबाइलवर सर्वेक्षण करायचं साधन वापरायचं ठरलं होतं. त्याच्या फॉर्म बिल्डरमध्येही गट रिपीट करता येतो, पण मला एक्सेलमध्ये, म्हणजे एक्सएलएसफॉर्म या ठरावीक रकान्यांच्या पद्धतीत लिहिणं सोयीचं पडतं. टाइप, नेम, लेबल हे रकाने, दर ओळीला एक प्रश्न. पुन्हा पुन्हा विचारायचे प्रश्न ‘बिगिन रिपीट’ आणि ‘एंड रिपीट’ यांच्या मध्ये. इथवर सोपंच आहे.

डोकं लागतं ते कुठला प्रश्न आत आणि कुठला बाहेर हे ठरवताना. रेशनकार्ड, पाणी, शौचालय घराचं, म्हणून बाहेर. वय, शिक्षण, कामधंदा माणसाचा, म्हणून आत. मोबाइल नंबर? बऱ्याच घरांत फोन एकच, तोही मुलाकडे. बाहेर.

मग माणसांची संख्या. ‘घरात किती जण?’ विचारून तो आकडा रिपीट काउंटला, म्हणजे किती वेळा विचारायचं त्या रकान्याला, दिला की तेवढेच भाग उघडतात. पण दारातली बाई ‘पाच’ म्हणते आणि वयं विचारताना तिला पाळण्यातलं बाळ आठवतं, ऊसतोडीला गेलेला दीर आठवतो. म्हणून मी दोन रिपीट केले. पहिल्यात फक्त नाव आणि नातं, काउंट न देता. दर नावानंतर ओडीके कलेक्ट, म्हणजे मोबाइलवर फॉर्म भरायचं अ‍ॅप, स्वतःच विचारतं, आणखी एक जोडायचं का? दुसऱ्याचा काउंट पहिल्यातल्या नोंदींइतका. ‘इंडेक्स्ड रिपीट’ या सूत्राने पहिल्या यादीतलं त्याच क्रमांकाचं नाव तिथे ओढलं, की स्क्रीनवर ‘सुमन यांचं शिक्षण किती?’ असा प्रश्न येतो. कुणाबद्दल विचारतोय हा घोळ उरत नाही. बाळाला शिक्षण विचारलं जाऊ नये म्हणून रेलेव्हंटच्या रकान्यात वयाची अट.

यात एक मेख आहे. माहिती भरून झाल्यावर पहिल्या यादीतलं मधलंच नाव खोडलं, तर खालची नावं वर सरकतात, माहिती मात्र जागेवरच राहते. सुमनचं वय रमेशला चिकटतं! त्यामुळे दोन रिपीटच्या मध्ये एक नोट टाकली: ‘यादी मोठ्याने वाचून दाखवा, मगच पुढे जा.’

एक्सेलमध्ये उतरवल्यावर घरांची शीट वेगळी, माणसांची वेगळी येते. माणसांच्या शीटमधल्या पॅरेंट इंडेक्सवरून, म्हणजे घराच्या ओळीच्या क्रमांकावरून, कोण कुठल्या घरचं ते जुळवायचं. वरिष्ठांना दर घराची एकच ओळ हवी होती. त्यांना घरांच्या शीटमध्ये काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने माणसांची संख्या तेवढी आणून दिली.