जुन्या ट्रॅक्टरला पुढून पातं

भिलवडी, मे अखेर

पुराचा गाळ सारायला केलेल्या पात्याची चौकट आज एकदाची ट्रॅक्टरखाली बसली. दुपारभर मिस्त्रींशी एकाच गोष्टीवरून हुज्जत. त्यांचं म्हणणं, "पुढच्या बंपरच्या ब्रॅकेटलाच बोल्ट मारू की, तासाभराचं काम." मी ऐकलं नाही. आपल्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चॅसी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग हाच त्याचा कणा. पुढचा ब्रॅकेट बिडाचा. पातं गाळातल्या दगडाला अडलं की सगळा दणका त्या बिडावर, आणि बीड वाकत नाही, सरळ तडकतं. म्हणून चार इंची दोन लोखंडी चॅनेल पोटाखालून मागं नेले आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला पिनांनी धरले. ढकलायचं काम मागच्या चाकांचं. मग जोरही तिथूनच सरळ पात्यात उतरायला हवा. पुढं नुसतं पातं सावरायचं.

कल्पना काही माझी नाही. अमेरिकेतले शेतकरी फोर्ड ८एनसारख्या १९४७ ते ५२ सालच्या ट्रॅक्टरना घरीच असली पाती जोडून अंगणातला बर्फ सारतात, ते व्हिडिओत बघितलं. आपल्याकडं बर्फ कुठला! पण २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५) आणि पूर ओसरल्यावर गल्ल्यांत जो रेंदा उरला, तो बर्फापेक्षा वाईट. बर्फ उन्हानं वितळून तरी जातो. हा ओला आहे तोवर ढकलला तर ठीक, वाळला की कुदळीलाही दाद देत नाही. मोठी मशिनं हमरस्त्यावर अडकलेली, आणि बोळात माणसं फावडी घेऊन.

पात्याच्या धारेला ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घेतलाय. तो वेल्डिंगनं चिकटवायचा नाही, कार्बन जास्त असल्यानं जोडाशेजारीच चीर जाते. बोल्टनंच बसवायचा, म्हणजे झिजला की बदलताही येतो. पण ड्रिल नुसतं वरून घसरायचं, म्हणून पाटा लाल करून राखेत पुरून ठेवला. सकाळी भोकं पडली, निळसर किस निघाला. जरा मऊ झाला असेल, चालेल. चॅनेलच्या जोडांना मात्र ७०१८ चा वेल्डिंग रॉड, तोही भट्टीजवळ सुकवून.

उचलायला पुढं हायड्रोलिक नाही. मागच्या लिफ्टच्या हातांना वायररोप बांधून, पोटाखालून आणून, पुढच्या कप्पीवरून पात्याला. लिव्हर ओढला की मागचे हात वर, पातं वर. खाली दाबता येत नाही, ते आपल्या वजनानंच बसणार. पात्यामागं दोन जाड स्प्रिंगा आहेत. गटाराच्या झाकणाला ठोकर बसली तर पातं पुढं कलंडून वरून निघून जाईल. मिस्त्रींना हे फार आवडलं, चारदा पहारीनं कलंडवून बघितलं.

आण्णा सायकल टेकवून बघत होते. "लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथंच पलीकडं १९१० ला नांगराचा कारखाना काढला, तू आता नांगर उलटा लावायलायस," म्हणाले. मग मुद्द्याचा प्रश्न: "पूर नाही आला तर?"

शेणखताचा ढीग सारायचा. ऊसतोडीत उकललेली पाणंद सपाट करायची. यावं असं कोण म्हणतंय!

पातं उचललं की पुढचा भार वाढून मागची चाकं जागीच फिरतात, हे मात्र संध्याकाळी दिसलं. वजनासाठी मागच्या टायरांत पाणी भरायला हवं, व्हॉल्व्हचा अ‍ॅडाप्टर पलूसला बघतो. रंग नंतर.