गळा अकरा, डोकं चौदा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात लेकी माहेरी येतात आणि माहेरच्या शिलाई मशीनवरचं झाकण निघतं. परवा दुपारी समोरच्या दोरीवर एक झबलं वाळत होतं, सगळ्या शिलाया बाहेरच्या बाजूला. उलटं घातलंय म्हणावं, तर गळ्याची पट्टी सुलट होती. म्हणजे शिवणारीने मुद्दाम तसं शिवलेलं. नव्या बाळाच्या काखेत आणि मानेखाली शिलाईची कड घासून लाल रेघ उठते, म्हणून पहिले दोन-तीन महिने कड बाहेर ठेवायची. दिसायला जरा वेंधळं दिसतं. पण बाळाला कुठे आरसा बघायचाय?

शिवणक्लासला गेलेल्या प्रत्येकीच्या वहीत पहिल्या पानावर वीतभर कागदी झबलं डकवलेलं असतं, डिंकाने पिवळं पडलेलं. मग टोपडं, लंगोट, चड्डी, फ्रॉक. ब्लाऊज अगदी शेवटी. या क्रमामुळे एक समज घट्ट बसला आहे, की लहान कपडा सोपा आणि मोठा अवघड. एखाद्या शिंप्याला विचारून बघा. लहान पोराचं काम घ्यायला तो कधीच खूश नसतो. मजुरी मागायला लाज वाटते, आणि गिऱ्हाईक माप देताना अर्धा मिनिट सरळ उभं राहत नाही.

अवघडपणा सुरू होतो डोक्यापासून. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १४ इंच, आणि छाती त्याहून इंचभर कमीच. पहिल्या वाढदिवसापर्यंत दोन्ही बरोबरीला येतात, १८ इंचांच्या आसपास. त्यानंतर छाती पुढे निघून जाते. मोठ्या माणसाचा सदरा सगळ्या बाजूंनी आखडता घेतला की पोराचा होईल, हा हिशेब इथेच फसतो. चौघडी घालून झबलं कापताना गळ्याची रुंदी घडीपासून २ इंच, पुढची खोली २ आणि मागची अर्धा इंच धरली, तर पुरा गोल भरतो जेमतेम अकरा इंच. त्यातून चौदाचं डोकं घालायचं आहे. मान न धरलेलं बाळ एका हातावर, दुसऱ्या हाताने झबलं ओढायचं, आणि आत कोंडलेलं तोंड किंचाळतंय. शिवणारीला आपली चूक कळते ती तेव्हा.

काही जणी मग गळाच मोठा कापतात. तसं केलं की झबलं एका खांद्यावरून घसरतं आणि छाती उघडी पडते. गळा लहानच हवा. पाठीला वरून ४ इंच चीर द्यायची, तिच्या दोन्ही कडा मिळून ८ इंच मोकळे होतात आणि डोकं सुखरूप बाहेर येतं. पहिल्या तीन महिन्यांसाठी तर पुढून अख्खं उघडं, बाजूला बांधायचं झबलं सगळ्यात बरं. बाळाला निजवूनच घालता येतं, डोक्याचा प्रश्नच येत नाही.

बाकीची मापंही सांगून टाकावीत. छातीचं माप १६ धरायचं; जन्मवेळेला जास्त वाटतं, पण तीन महिन्यांत भरून निघतं. त्याचा चौथा भाग ४, एक इंच सैल, अर्धा इंच माया (शिलाईत जाणारं कापड), असं घडीवर साडेपाच. उंची ११ आणि खालच्या दुमडीला १. गळ्याचे २ इंच सोडून पुढे खांदा २ इंच, उतार अर्धा, मुंढा, म्हणजे काखेपर्यंतची खोली, ४. मुंढ्यात कंजुषी केली की बाळाच्या काखेत घामोळं उठतंच, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात तर संध्याकाळच्या आत. "पोऱ्याले मोकयं लागस," असं आज्या म्हणतात, त्याचं माप हे एवढंच: घडीवर एक इंच, म्हणजे अंगभर चार. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) अर्ध्या मीटरमध्ये बाह्यांचं झबलं बसतं, नाड्या आणि गळ्याची उरेब पट्टीही त्यातच निघते.

उरेब पट्टीवर मात्र जरा थांबायला हवं. कापडाच्या उभ्या धाग्यात कापलेली सरळ पट्टी गोल गळ्याला वळत नाही, गळा पापडासारखा लाटालाटांचा होतो. पट्टी तिरकीच कापायची, कोपऱ्यातून कोपऱ्यात, सव्वा इंच रुंद. लावताना पट्टी ओढली तर गळा आत गुंडाळतो, गळा ओढला गेला तर तो कायमचा पसरतो. दोन्ही हात सारखेच सैल हवेत. पालटण्याआधी गोलाईच्या मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक खाचा द्यायच्या, टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबून. हे सगळं नीट करूनही पहिल्या धुण्यानंतर गळा आकसतो, तेव्हा दोष हाताचा नसतो, न धुतलेल्या पट्टीचा असतो. अंगाचं कापड आधी भिजवलं, पण पट्टी उरलेल्या कोऱ्या कापडातून काढली, की हे ठरलेलं.

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला मलमल मागितली की दुकानदार चार तऱ्हेची समोर टाकतो. बोटांना कडक लागते ती चांगली, असं मानायचं कारण नाही. तो खळीचा कडकपणा. कोपरा दोन बोटांत चोळला आणि पांढरी भुकटी पडली, की समजायचं धुतल्यावर हीच मलमल निम्म्या जाडीची वाटणार. काठाचा एक धागा काढून काडीने जाळावा. कागदासारखा वास आणि बोटात विरणारी राख आली तर सुती. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे, मग भाव कितीही गोड असो. आणि घरी आणल्यावर रात्रभर साध्या पाण्यात, सावलीत वाळवून किंचित दमट असतानाच इस्त्री. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. बारा इंचांत अर्धा इंच गेला तरी झबलं बेंबीच्या वर चढतं.

तान्ह्याला कोरं कापड घालत नाहीत, जन्माआधी कपडे शिवून ठेवत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरी पाळतात. कारण शुभाशुभाचं सांगतात. पण शिवणकामाच्या अंगाने बघितलं तरी जुनं कापडच बरं: खळ गेलेली, आटायचं ते आटून झालेलं, सुटायचा तो रंग सुटलेला. नऊवारी लुगडं बसायच्या जागी विरतं. पदराकडचा आणि निऱ्यांचा भाग बराच शाबूत राहतो. उजेडासमोर धरून बघितलं की विरलेले पट्टे दिसतात. ते सोडून कापायचं. वडिलांच्या जुन्या शर्टाची पाठ म्हणजे वर्षाच्या पोरीचा अख्खा फ्रॉक, आणि पुढची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीला जशीच्या तशी वापरली तर काजं करायची कटकट वाचते. धोतरातून दोन फुटी चौरस लंगोट निघतात ते वेगळेच.

एकेकाळी अमळनेरची प्रताप मिल होती, जळगावची खान्देश मिल होती, गिरणीचं कापड गावातच मिळायचं. कपाशी अजूनही शेतात आहे. तरी बारशाला लेकराच्या अंगावर नायलॉनची जाळी, आत टोचणारं सॅटिन आणि कमरेला आवळलेला चमचमता पट्टा. पंचेचाळीस अंशांत. फोटो निघेपर्यंत तो पोरगा निळा-जांभळा होऊन रडतो आणि सगळे म्हणतात, दृष्ट लागली.

मलमल शिवताना मशीन रुसतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. टाक्याच्या सुरुवातीलाच कापड सुईबरोबर खालच्या भोकात ओढलं जातं, दोऱ्याचा गुंता होतो. सुई आधी बघा. पॉपलीनला १४ नंबर चालते, मलमलीला ११ हवी, आणि नवी हवी. बोथट सुई धागे तोडत जाते. टीप सुरू करताना कापडाखाली कागदाची पट्टी धरायची, शिवून झाल्यावर ती फाडून काढता येते. छापील वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्यावर उतरते. इंचात बारा ते चौदा टाके पुरेत. त्याहून दाट घातले तर त्याच रेघेवर कापड फाटतं. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसले की लोक लगेच बॉबिन केसचा स्क्रू पिळायला घेतात. दुखणं बहुधा वरच्या दोऱ्यात असतं. तो काढून पुन्हा पहिल्यापासून ओवायचा, मग वरचा ताण बघायचा, आणि बॉबिनचा स्क्रू अगदी शेवटी. तेल दिल्यावर आधी दोन-चार हात चिंधीवर मशीन चालवायचं, हे तर सगळ्यांना माहीत असतं. आणि तरीही प्रत्येक घरात तेलाचा डाग पडलेलं एक पांढरं दुपटं असतं.

मूल रांगायला लागलं की झबल्याचं राज्य संपतं आणि चड्डीचं सुरू होतं. पुढचा आणि मागचा भाग एकाच मापाने कापणं, ही यातली सगळ्यात मोठी खोडी. उभ्या पोराला ती चड्डी ठीक बसते, पण पोर उभं राहतंय कुठे? वाकलं, उकिडवं बसलं की मागून सरकते. मागचं आसन पुढच्यापेक्षा दीड इंच उंच हवं. इलॅस्टिक कमरेच्या मापाहून २ इंच कमी घ्यायचं आणि जोडताना टोकावर टोक इंचभर चढवून चपटं शिवायचं. गाठ मारली तर ती नेमकी मणक्यावर येते. मुलाच्या बंडीला काखेत दोन इंची चौकोनी कळी (जोडतुकडा) घालायचा कंटाळा करतात, मग हात वर करून झाडाला लोंबकळणारं पोर पहिल्याच दिवशी काख फाडून येतं.

मुलीच्या परकराला दुमडीच्या वर तीन टक, म्हणजे शिवून ठेवलेल्या आडव्या घड्या, घालायची जुनी युक्ती अजूनही अचूक आहे. अर्ध्या इंचाचा टक एक इंच कापड धरून ठेवतो. दोन वर्षांनंतर मूल वर्षाला दोन-अडीच इंच वाढतं, म्हणजे तीन टकांत एक वर्ष आणि वर थोडे महिने निघतात. टक लांब टाक्याचे घालावेत, म्हणजे उसवताना कापड दुखावत नाही. उसवलेल्या जागी न उडालेल्या रंगाची गडद रेघ दिसते, तिच्यावर नागमोडी लेस. कपाटात असे तीन-तीन लेसांचे परकर असायचे. लेसा मोजून पोरीची उंची सांगता यायची. चुण्यांना मलमलीत दुप्पट कापड लागतं, पॉपलीनला दीडपट पुरतं. मोठ्या टाक्याच्या दोन रेघा मारून बॉबिनचा दोरा ओढायचा, वरचा नव्हे. एकच रेघ मारली तर दोरा अर्ध्यावर तुटतो आणि शिवणारी जे बोलते ते इथे लिहिता येत नाही.

रावेर-यावलकडे केळीच्या बागांत राबणाऱ्या घरांना पांढऱ्या कापडाचा सल्ला देऊ नये. केळीचा चीक लागलेला डाग वाळून काळा पडतो आणि कपडा फाटेपर्यंत सोबत करतो. तिथे गडद छापीलच बरं.

कुंचीची गरज खान्देशात लोकांना पटत नाही, कारण सगळ्यांच्या लक्षात ऊनच असतं. पण पौषातल्या पहाटे धुळ्याचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाठ झाकणारं टोपडं लागतंच. टोपड्याच्या मानेला चुण्यांची झालर लावून ती पार ढुंगणापर्यंत सोडली की झाली कुंची. खणाची करायची तर आतून मलमलीचं अस्तर लावल्याशिवाय घालू नये, जरीचे धागे कानाला कापतात.

बटणं मला दोन वर्षांखालच्या कपड्यांना मान्यच नाहीत. बाळ बटण चावतं, ओढतं, दोरा सुटला की तोंडात. टिच बटण बरं, पण ते पातळ मलमलीला फाडतं. खाली दुहेरी पट्टी हवी. नाड्याच सगळ्यात भल्या. सहा इंचांहून लांब नको, आणि गळ्याभोवती फिरवून बांधायची नाडी तर कधीच नको.

आणि हातमोजे-पायमोजे. हे शिवायला पाच मिनिटं लागतात, म्हणून घाईत शिवले जातात, आतल्या कडा तशाच सुट्या राहतात. त्यातला एखादा सुटा धागा, किंवा आईचा गळलेला केससुद्धा, बाळाच्या बोटाभोवती गुंडाळतो आणि हलवाहलवीत आवळत जातो. बोट सुजतं, धागा सुजेत बुडतो, वरून दिसत नाही. म्हणून मोज्यांच्या कडा आत मुडपून दुहेरी टीप घालायची, आणि घालण्याआधी दर वेळी मोजा उलटा करून बोट फिरवायचं. पोट भरलंय, दुपटं कोरडं आहे, ताप नाही, तरी बाळ रडायचं थांबत नसेल तर मोजे काढून हातापायाची वीसही बोटं बघावीत, पायाची आधी. धागा दिसला आणि सहज सुटला तर ठीक. नाहीतर ओढाताण न करता त्याच पावली दवाखान्यात.