घरचा कापूस

नोव्हेंबर सरत आला की दुपारी अंगणात बाजेवर गाद्या पडतात. दोन दिवस उलटसुलट करून उन्हं दाखवली की दबलेला कापूस फुगून येतो आणि रात्री तीच गादी दुप्पट ऊब देते. यंदा अशाच एका बाजेवर गादीच्या शेजारी उघडी बॅग दिसली. गल्लीतल्या काकू लेकीकडे निघालेल्या, स्वित्झर्लंडला, डिसेंबरच्या तोंडावर. बॅगेत सगळ्यात वर कापूस भरलेली बंडी. तिच्याखाली सुती बनियन, सुती मोजे आणि घडी घालून घालून अर्धी केलेली वाकळ.

"घरचा कापूस हाये, थंडी काय करते मंग?"

खोटं कसं म्हणावं? 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला, तेव्हाही गावोगाव माणसं याच बंडीत निभावली. पण बर्फाच्या पहाडात फिरणारे जाणकार नवख्याला पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की कापूस घालू नका. कापसाच्या मुलखात हे वाक्य सोयऱ्यांनी घरच्या पोराला नाव ठेवल्यासारखं लागतं.

कारण गादीतच आहे. ऊब कापसाची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते. पिंजारी धनुकलीवर कापूस पिंजतो म्हणजे त्यात हवाच भरतो. कापूस ओला झाला की दबतो, हवा निघून जाते आणि तिच्या जागी पाणी बसतं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. आता कुणी म्हणेल, एवढ्या थंडीत ओलं व्हायचं कशानं? घामानं! चढावर दहा मिनिटं चाललं की पाठ भिजते, उभं राहिलं की तीच पाठ गार पडते, आणि सुती बनियन काही सुकत नाही. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पिते तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून आत मेरिनो मेंढीच्या लोकरीचा पातळ बनियन, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा थर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट, असे तीन थर. निघताना थोडी हुडहुडी वाटली पाहिजे. घरातूनच गरम होऊन निघालेला माणूस पहिल्याच चढावर भिजतो. मोज्यांचा एकच लोकरी जोड घालायचा. दोन चढवले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. हे मात्र कुणालाच पटत नाही. दोन म्हणजे जास्त, हा हिशेब आपल्या हाडात भिनलेला आहे.

आपल्याला बर्फ ठाऊक तो गोळेवाल्याचा, भुश्शात ठेवलेला, पोत्यात गुंडाळलेला. तिकडे आकाशातून पडतो तो वेगळाच. तो पिंजलेला असतो, दहा भागांतले नऊ भाग हवा. त्यामुळे त्याचं जाड पांघरूण पडलं की बाहेर उणे पंधरा असलं तरी खालची माती शून्याच्या आसपासच राहते, आणि गवत मजेत झोपतं. छपरावरही तो राहू देतात. घसरून एकदम खाली येऊ नये म्हणून आडवे दांडे लावलेले असतात, तरी दुपारी ऊन लागल्यावर पागोळ्यांखाली उभं राहू नये. हातभर लांबीच्या बर्फाच्या पागोळ्या तेव्हाच सुटतात.

पायाखाली दगा देणारा बर्फ तिसरा. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून रस्त्यावर काच होते, आणि पहाटे तिच्यावर बोटभर नवा बर्फ पडला की ती दिसतही नाही. सकाळची पडझड त्यामुळेच. पावलं लहान टाकायची, पूर्ण तळवा टेकवायचा, हात खिशाबाहेर. बुटाला रबरी पट्ट्यांचे खिळे अडकवायला मिळतात, ते घ्यावेत. खरं तर ही चाल आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून जाणारा माणूस असाच चालतो, फक्त चप्पल हातात घेऊन.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचं आणखी एक लफडं असतं. उन्हाळा संपलेला, स्कीवाल्यांचा हंगाम पुरता लागलेला नाही. नोव्हेंबरात बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात, हॉटेलंही, आणि डिसेंबर लागला तरी सगळं उघडलेलं नसतं. लाउटरब्रुनेन या दरीतल्या गावाहून दात्यांच्या रुळावरची गाडी डोंगरावरच्या वेंगेनला चढवते, 1274 मीटरवर. समोरच्या कड्यावर म्युरेन, 1638 मीटरवर. दोन्ही गावांत बाहेरची मोटार जात नाही, त्यामुळे आधी वेळापत्रक बघायचं, मग बेत करायचा. पायवाटांच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेला वेळ थांबे न धरता, कोरड्या वाटेचा असतो. बर्फात दीडपट तरी धरावा. हिवाळी वाटांच्या पाट्या गुलाबी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर ती डोंगरवाट, तिकडे या दिवसांत वळूच नये. दिवस तर एवढासा. आठला उजाडतो, पावणेपाचला मावळतो, आणि अरुंद दरीत सूर्य दुपारीच कड्याआड जातो. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते.

धुईचं मात्र थेट आपल्यासारखं. तुरीचा बहर गाळणारी धुई लवणात साचते आणि टेकाडावर मोकळं असतं, तसंच तिकडेही. थंड हवा जड, ती खाली बसते. झ्युरिक, बर्नकडचा सखल भाग नोव्हेंबरात दिवसच्या दिवस धुक्याखाली, आणि वरच्या गावात लख्ख ऊन. शहरातून राखाडी आभाळ बघून माघारी फिरणारा फसतो. वर जाऊन बघावं.

या गावांमध्ये बघायचं काय, तर मला विचाराल तर शिखरं सोडून सगळं. ती काय, कॅलेंडरवरही दिसतात. घराच्या भिंतीला वळचणीखाली रचलेली जळाऊ लाकडं बघावीत. कापलेला भाग बाहेर, वरून छपराची सावली, खालून हवेला वाट. ओलं लाकूड धूर करतं, म्हणून वर्ष-दोन वर्षं आधीचं लाकूड यंदा जळतं. आपल्या गोठ्यामागे पऱ्हाटीचा आणि तुराटीचा ढीग असतो, त्याचा हा टापटीप भाऊ. त्सेरमाट या डोंगरगावाच्या हिंटरडॉर्फ भागात लाकडी कोठारं पायांवर उभी आहेत, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर गोल सपाट दगडी ताट. उंदीर पायावरून चढतो, ताटाला डोकं आपटतो आणि उलटं टांगून पुढे जाता येत नाही म्हणून उतरतो. कणगीभोवती पिंजरे लावून थकलेल्या माणसानं त्या ताटांसमोर पाच मिनिटं तरी उभं राहावं.

हे सगळं काकूंना सांगून झालं. त्यांनी एकच विचारलं, "तो मेंढीचा बनियन केवढ्याले?"

तिकडे 80 फ्रँकच्या घरात, म्हणजे आठ हजारांच्या वर. अंगणात एकदम गप्प. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. एक बनियन म्हणजे क्विंटलभर कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर. तेवढा वेचायला एका बाईची कंबर दोन-तीन दिवस वाकलेली असते.

काकूंनी बंडी काढली नाही. घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि बॅगेच्या तळाशी सरकवली. बॅगेला 23 किलोची मर्यादा आहे. विमानतळावर काटा पुढे गेला तर आधी काय बाहेर निघेल, ते त्यांनाही ठाऊक आहे.